मधल्या पाच वर्षांचा नागरिक

कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. पुढची निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधली पाच वर्षे शहराचा कारभार प्रशासकाच्या सहीने चालला. छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली या शहरांचीही हीच कथा. मुंबई आणि पुण्याची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, म्हणजे तिथे प्रशासकाची राजवट पावणेचार वर्षांची ठरली. महापालिकेची मुदत पाच वर्षांपेक्षा अधिक असणार नाही आणि ती संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण व्हायलाच हवी, असे १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्पष्ट सांगितले आहे. सुरुवातीला कोविडचे कारण होते. मग मार्च २०२१ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांचे स्थानिक आरक्षण तिहेरी चाचणीला बांधले, पाठोपाठ प्रभागरचना कोणी करायची याचा वाद झाला, मध्येच सरकारे बदलली. अखेर ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका उरकण्यास बजावले आणि पुढे त्यालाही मुदतवाढ द्यावी लागली.

मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांच्या वर होता. तो मांडला अधिकाऱ्यांनी आणि मंजूर केला तोही अधिकाऱ्यानेच. त्यावर एकाही निवडून आलेल्या माणसाचा हात वर झाला नाही. पण मला जास्त अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट. एवढे होऊनही ‘आमची निवडणूक घ्या’ म्हणून राज्यात मोठे जनआंदोलन उभे राहिले नाही. लढाई कोर्टात झाली, तारखांवर तारखा पडल्या आणि बहुतेक शहरवासीयांना आपला नगरसेवक आता पदावर नाही, याचा पत्ता लागला तो रहिवासी दाखल्यावर सही मागायला गेल्यावर. माजी नगरसेवकाच्या कार्यालयावर पाटी तीच होती, आत कार्यकर्तेही तेच होते. फक्त लेटरहेडवर सही चालत नव्हती. कमी दाबाच्या पाण्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ‘आता वॉर्ड ऑफिसला अर्ज करा’ एवढेच उत्तर मिळत होते, आणि वॉर्ड ऑफिसात कोणाला विचारायचे ते तिथे कोणी सांगत नव्हते.

लोकशाही राजकारणाबद्दलच्या अनास्थेची चर्चा आपल्याकडे मतदानाच्या टक्केवारीपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. ती टक्केवारीही नीट पाहायला हवी. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात सुमारे ६६ टक्के मतदान झाले. १९९५ नंतरचे हे सर्वाधिक. त्याच दिवशी मुंबईतल्या कुलाबा मतदारसंघात ४५ टक्केही मतदान झाले नाही आणि कोल्हापूर शहरालगतच्या करवीर मतदारसंघात ते जवळपास ८५ टक्क्यांवर गेले. राज्य एक, दिवस एक, निवडणूक आयोग एक, आणि तफावत दुपटीच्या जवळ जाणारी. हा फरक माणसांच्या स्वभावाचा आहे असे मानायला मी तयार नाही.

करवीरमध्ये लढत अटीतटीची होती. निकाल दोन हजारांच्याही आतल्या फरकाने लागला. पण केवळ चुरशीने ८५ टक्के होत नाहीत. तिथल्या माणसाची राजकारणाशी गाठ पाच वर्षांतून एकदा पडत नाही. गावात दूध संस्था आहे, तिची निवडणूक आहे. विकास सेवा सोसायटी आहे, साखर कारखाना आहे, जिल्हा बँक आहे, तालीम आणि तरुण मंडळ आहे. म्हशीच्या दुधाला लिटरमागे किती मिळणार, उसाची पहिली उचल किती, हे ज्या सभागृहात ठरते तिथे बसलेला माणूस ओळखीचा असतो आणि त्याला पाडता येते हे प्रत्येकाला माहीत असते. या व्यवस्थेत गटबाजी आहे, पैसा आहे, भाऊबंदकी आहे, घराण्यांची मक्तेदारी आहे; तिला आदर्श म्हणण्याचे कारण नाही. तरीही मत दिले की काहीतरी हलते, हा अनुभव ती माणसाला वारंवार देते. याच कोल्हापूरकरांनी शहरातल्या रस्त्यांवरचा टोल वर्षानुवर्षे आंदोलन करून बंद पाडला. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसे त्यात पुढे होती आणि सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते एका कृती समितीत बसले होते. तेच शहर पुढे पाच वर्षे महापालिकेविना राहिले आणि निमूट राहिले. म्हणजे एकाच गावात कमालीची जागृती आणि कमालीची स्वस्थता दोन्ही सापडतात. टोल खिशातून रोज जात होता. नगरसेवक नसल्याने काय गेले ते कोणाला दिसले नाही, कारण तो असताना काय मिळत होते तेही फारसे दिसलेले नव्हते.

कुलाब्याच्या टक्केवारीवर दरवेळी ‘सुशिक्षितांची सुट्टी’ म्हणून टीका होते. टीकेत तथ्य आहे. ज्यांचे पाणी टँकरने येते, मुले खासगी शाळेत जातात आणि दवाखानाही खासगीच असतो, त्यांचा सरकारशी संबंध करापुरता उरतो. पण शहरातल्या कमी मतदानामागे दुसरे एक रुक्ष कारण आहे आणि ते फार कमी बोलले जाते. मतदार यादी घराच्या पत्त्याला बांधलेली आहे आणि शहरातला भाडेकरू अकरा महिन्यांच्या कराराला. पनवेलहून डोंबिवलीला, तिथून विरारला सरकणाऱ्या कुटुंबाचे नाव दोन घरे मागे राहते. फॉर्म ८ भरून ते बदलता येते, पण दर बदलीला तो भरणारे किती? गेलेल्यांची नावे यादीत राहतात, राहणाऱ्यांची सापडत नाहीत, आणि शेवटी यादीच्या फुगलेल्या आकड्याने भागून टक्केवारी काढली जाते. अनास्था मोजण्याआधी यादी स्वच्छ करणे हे निम्मे काम आहे.

ज्यांना मत द्यायचे आहे पण देता येत नाही, त्यांचा विचार तर आणखी मागे पडतो. २०२४ मध्ये उसाचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि मतदान २० नोव्हेंबरला होते. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगरकडून निघणारा ऊसतोड मजूर तोवर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकातल्या फडात पोचलेला असतो. मुकादमाची उचल त्याच्या अंगावर असते. दोन दिवस काम सोडून गावी येणे त्याला परवडत नाही. उमेदवाराने गाडी पाठवली तर तो येतो, आणि गाडी पाठवणाऱ्याचे मिंधेपण घेऊनच बटण दाबतो. निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदानयंत्राचा प्रस्ताव राजकीय पक्षांपुढे ठेवला होता. एका यंत्रावर ७२ मतदारसंघ हाताळता येतील अशी ती योजना होती. पक्षांचा विश्वास बसला नाही आणि विषय तिथेच थांबला. शंका घेण्याचा पक्षांना अधिकार होता, पण मजुराच्या मताचा प्रश्न सुटेपर्यंत तो लावून धरण्याचे कर्तव्यही त्यांचेच होते.

जे यादीत आहेत आणि जाऊ शकतात, तरीही जात नाहीत किंवा मन मारून जातात, त्यांच्याकडे वळू. ‘सगळे एकाच माळेचे मणी’ हे वाक्य महाराष्ट्रात पूर्वीही होते. गेल्या काही वर्षांत त्याला पुरावे मिळाले. २०१९ मध्ये एका आघाडीला म्हणून दिलेल्या मतांतून दुसरेच सरकार निघाले, त्याआधी २३ नोव्हेंबरच्या पहाटेच्या शपथविधीतून तिसरेच काही घडले होते. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. पाच वर्षांत मतदाराने एकदाच मत दिले आणि त्या एका मताने जवळजवळ प्रत्येक प्रमुख पक्षाला कधी ना कधी सत्तेत बसलेले पाहिले. पक्षांतर रोखायला १९८५ मध्ये कायदा केला, २००३ मध्ये तो कडक केला. त्यातला निर्णय मात्र विधानसभेच्या अध्यक्षाकडेच ठेवला, आणि अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचाच असतो. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही अपात्रतेचा प्रश्न अध्यक्षांकडेच सोपवला आणि उत्तर यायला जानेवारी २०२४ उजाडला. कोणत्या पक्षाची बाजू न्याय्य होती यावर वाद घालता येईल. पण मतदानाच्या दिवशी आपण काय ठरवले होते, हे मतदाराला सांगता येईनासे झाले, यात वाद नाही. अनास्था शिकवायला याहून चांगला वर्ग नाही.

राजकारणाचे पहिले धडे जिथे मिळायचे ती जागाही बंद आहे. महाविद्यालयीन निवडणुकांमधल्या हिंसेमुळे नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात थेट विद्यार्थी निवडणुका थांबवल्या गेल्या. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्यांची पुन्हा तरतूद केली, २०१९ मध्ये त्या होणार होत्या, त्या पुढे ढकलल्या गेल्या आणि राहिल्या. आता विशीतल्या मुलाला राजकारणात शिरायचा रस्ता कुठला? दहीहंडीचा बॅनर, त्यावर नेत्याच्या फोटोखाली आपला फोटो, मग वाढदिवसाच्या शुभेच्छांचा दुसरा बॅनर. पक्षाच्या शाखेत पूर्वी भांडण मिटवण्यापासून शाळाप्रवेशापर्यंतची कामे होत, आणि ती करता करता कार्यकर्ता तयार होत असे. आज पक्षांतर्गत निवडणूक कधी झाली हे पक्षाच्या सदस्यालाही सांगता येत नाही. जो पक्ष आपल्या सदस्याला काही विचारत नाही, त्याने मतदाराला उत्साहाने या म्हणणे पोकळ वाटते.

उपाय म्हणून जे सुचवले गेले त्यात सक्तीचे मतदान सर्वांत आधी येते. बेल्जियमने ते १८९३ मध्ये आणले, ऑस्ट्रेलियाने १९२४ मध्ये. ऑस्ट्रेलियात मतदान साठ टक्क्यांच्या आतून पुढच्याच निवडणुकीत नव्वदीच्या पार गेले. त्यामागे काटेकोर यादी, शनिवारचे मतदान आणि कुठूनही मत देण्याच्या सोयी आहेत, हे आपल्याकडे सांगितले जात नाही. गुजरातने स्थानिक निवडणुकांसाठी सक्तीचा कायदा केला; २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. ऊसतोड मजुराचा विचार केला की सक्तीतला अन्याय उघड होतो: ज्याला सरकार मत देऊ देत नाही, त्यालाच ते दंड करणार.

‘नोटा’ हा दुसरा प्रयोग. सप्टेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने तो आला. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये नोटा सत्तावीस हजारांवर मते घेऊन दुसऱ्या क्रमांकावर राहिला. नोव्हेंबर २०२२ च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत, प्रमुख विरोधी उमेदवाराने माघार घेतल्यावर, तो पुन्हा दुसरा आला. तिथे मतदान जेमतेम ३१-३२ टक्के झाले होते. मतदानकेंद्रापर्यंत चालत जाऊन ‘यातले कोणी नको’ म्हणणारा माणूस उदासीन नसतो; तो सर्वांत जास्त गुंतलेला असतो. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी एक पाऊल पुढे टाकले: नोटाला सर्वाधिक मते पडली तर फेरनिवडणूक. पण त्या फेरनिवडणुकीत तेच उमेदवार पुन्हा उभे राहू शकतात, तेव्हा दात आले तरी चावा घेता येत नाही अशी स्थिती आहे.

याच्या अगदी उलट दिशेला ‘बिनविरोध’चा मोह आहे. गावात तंटा नको, खर्च नको, म्हणून सरपंच एकमताने निवडावा, अशा गावाला बक्षीस द्यावे, ही कल्पना आपल्याकडे सद्गुण म्हणून खपते. २०२१ च्या जानेवारीत तिचा खरा चेहरा दिसला. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी या गावांत ग्रामपंचायतीच्या पदांचा लिलाव झाला. उमराण्यात बोली दोन कोटींच्या पुढे गेली; पैसे देवळासाठी होते. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली आणि योग्य केले. परंतु लिलाव न होता दबावाने होणाऱ्या बिनविरोध निवडी तशाच चालू आहेत. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांतही मतदानाआधीच विजयी ठरलेले अनेक उमेदवार होते. कल्याण-डोंबिवलीत त्यांची विशेष चर्चा झाली. त्या प्रभागांतल्या मतदाराने पाच-सहा वर्षे वाट पाहिली होती. त्या जागेसाठी त्याला बटणच दाबायला मिळाले नाही.

मतदार जागृतीच्या मोहिमांवर मी जास्त शब्द खर्च करणार नाही. रांगोळ्या, रॅली, शाईचे बोट दाखवल्यावर हॉटेलात सवलत, यांनी थोडाफार फरक पडतो. आजार मतदानाच्या दिवसाचा नाहीच, तो उरलेल्या दिवसांचा आहे, असे मला वाटते.

त्या उरलेल्या दिवसांसाठी गावाकडे कायद्याने एक जागा आहे: ग्रामसभा. वर्षातून किमान चार सभा, सभेआधी महिलांची स्वतंत्र सभा, गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर यांपैकी जी कमी ती संख्या. प्रत्यक्षात कितीतरी गावांत ती कशी होते? झेंडावंदन उरकते, मुले खाऊ घेऊन पांगतात, पारावर पंधरा-वीस माणसे उरतात. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्याचे नोंदवले जाते, कारण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग ती ‘होते’. प्रोसिडिंग बुक शिपायाच्या पिशवीतून घरोघर फिरते, सह्या आणि अंगठे गोळा होतात आणि घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेने एकमताने मंजूर केल्याचे लिहिले जाते. ज्या विधवेचे नाव त्यात नाही तिला हे कळते ते यादी तालुक्याला गेल्यावर. पुढच्या ग्रामसभेला ती का यावी?

याच कायद्याखाली गडचिरोलीतले मेंढा (लेखा) आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्राला पाठ आहे. तिच्यामागची कष्टाची पद्धत तितकी माहीत नाही. मेंढ्याच्या ग्रामसभेत बहुमताने ठराव होत नाही. सगळ्यांचे एकमत होईपर्यंत विषय पुन्हा पुन्हा येतो आणि एकाचा विरोध असला तरी थांबतो. निर्णयाच्या आधी अभ्यास गट बसतात. मध असो, जंगल असो, कायद्याचे एखादे कलम असो, आधी समजून घ्यायचे आणि मग ठरवायचे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही रीत वर्षानुवर्षे जोपासली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. ते पुस्तक हाच या गोष्टीचा गाभा आहे. तोवर वनखात्याकडे असलेला अधिकार गावाकडे आला, बांबूचे पैसे ग्रामसभेच्या खात्यात आले, आणि सभेला येणे म्हणजे आपल्या पैशाचा निर्णय करणे झाले.

मेंढा छोटे आहे, गोंडांचे आहे, एकजिनसी आहे, म्हणून तिथे जमले, असा आक्षेप नेहमी येतो. तो काही अंशी खरा आहे; सवर्ण-दलित वस्तीत विभागलेल्या गावात सर्वसहमतीचा अर्थ बलिष्ठांची सहमती असा होऊ शकतो. म्हणून मी मेंढ्याकडून एकमताची अट घेत नाही. अधिकार, पैसा आणि अभ्यास या तीन गोष्टी घेतो. केरळने १९९६ मध्ये राज्याच्या योजना खर्चातला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे दिला तेव्हा मोठ्या, मिश्र लोकसंख्येच्या पंचायतींतही ग्रामसभा भरू लागल्या. गोव्यात ग्रामसभा रविवारी होतात. ही साधी गोष्ट नोकरदाराला सभेत आणते. २००६-०७ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध तिथे जे आंदोलन झाले, त्याने सरकारला आराखडा मागे घ्यायला लावला. गावागावांतल्या लोकांना आपल्या डोंगराचा आणि शेताचा रंग नकाशावर का बदलला हे वाचता येऊ लागले होते.

शहराला मात्र अशी जागाच नाही. मुंबई वगळता महापालिकांत चार-चार सदस्यांचा प्रभाग असतो. खड्डा कोणाचा हे विचारले तर चौघे एकमेकांकडे बोट दाखवतात. पुण्याने २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागवायला सुरुवात केली. देशात त्या वेळी ती दुर्मीळ गोष्ट होती, आणि आजही मी तिचे मोल मानतो. पण सुचवलेल्या कामांतली किती झाली, किती का नाकारली, हे सुचवणाऱ्याला घरपोच कळत नाही. त्यामुळे दरवर्षी तीच थोडी माणसे अर्ज भरतात.

महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे. काही मतदानकेंद्रांचे मिळून एक क्षेत्र, तिथले सगळे मतदार सभासद, नगरसेवक अध्यक्ष. म्हणजे शहरातली ग्रामसभाच. ती कागदावर राहिली, कारण ती कोणत्याच पक्षाला नको होती आणि नागरिकाला माहीत नव्हती. निवडणुका वेळेवर व्हाव्यात यासाठी प्रभागरचना आणि आरक्षणाचे काम मुदत संपण्याच्या वर्षभर आधी राज्य निवडणूक आयोगाने पूर्ण करावे, आणि प्रशासकाला सहा महिन्यांनंतर नवे धोरणात्मक निर्णय किंवा अंदाजपत्रक करता येऊ नये, अशी दुरुस्ती विधिमंडळाने करायला हवी. तिला वेळ लागेल. क्षेत्रसभेला नवा कायदा लागत नाही. जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांना ती आज बोलावता येते, आणि त्यांनी बोलावली नाही तर लेखी मागणी करता येते. सभेत एका पानाचा हिशोब मागावा: या प्रभागात यंदा किती रुपये, कोणती कामे, ठेकेदार कोण, दोषदायित्वाचा कालावधी केव्हा संपतो. पुढच्या सभेची तारीख रविवारची असावी आणि तेच पान त्या दिवशी पुन्हा, झालेल्या आणि न झालेल्या कामांच्या खुणांसह, समोर यावे.